हिशेब विचारायला शिकवणारी माणसं

पगार उशिरा झाला की त्याची लाज वाटते ती पगार घेणाऱ्याला. सामाजिक संस्थेत काम केलेल्या कुणालाही विचारून बघा. किराणा दुकानदाराला, घरमालकाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण सांगतो, 'होईल आठवड्याभरात', आणि सांगताना आवाज आपोआप खाली येतो. कारखान्यातला कामगार असता तर चिडला असता, गेटवर बसला असता. आम्ही संस्थेच्या वतीनं कारणं देत राहतो. ग्रँट अडकलीय, ऑडिट चाललंय, कंपनीकडून दुसरा हप्ता यायचाय. मी आता त्या संस्थेत नाही. आणि या विषयावर मराठवाड्यातल्या संस्थांमधली माणसं फक्त एसटीत किंवा चहाच्या टपरीवर बोलतात, म्हणून इथे सगळं मोकळेपणानं लिहावंसं वाटतं.

संस्थेचं नाव लिहिणार नाही. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांसाठी ती काम करते. काम खरं आहे, गरज त्याहून खरी आहे, आणि तिथली बहुतेक माणसं जीव लावून काम करणारी आहेत.

गरज किती खरी, ते थोडं सांगते. दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. ती उचल फेडायला नवरा-बायको जोडीनं, एक 'कोयता' म्हणून, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. पहाटे अंधारात फडात, म्हणजे उसाच्या शेतात, उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि रात्री-अपरात्री गाडी आली की डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरायची. एक दिवस अंग टाकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. कोपीला, म्हणजे राहायच्या तात्पुरत्या झोपडीला, न्हाणी नसते, संडास नसतो, पाळीचे दिवस कामाच्या हिशेबात कुठेच नसतात. बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा आकडा वर्तमानपत्रात वाचणाऱ्याला धक्का बसला असेल. आम्हाला त्यात ओळखीचे चेहरे दिसत होते. तिशीही न गाठलेल्या बाया, कंबर धरून उठणाऱ्या, 'पिशवी काढली आता, कटकट गेली' असं सांगणाऱ्या.

अशा बाईसमोर रोज बसणाऱ्या माणसाला स्वतःच्या थकलेल्या प्रवास भत्त्याबद्दल बोलायला जड जातं. संस्थेच्या वरच्या खुर्चीवरच्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. पगाराचा विषय निघाला की आमचे सर म्हणायचे, "आपण नोकरी करायला आलेलो नाही इथे. त्या बायांकडे बघा." आम्ही बघायचो. आणि गप्प बसायचो.

हे कुठून आलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मराठवाड्यातल्या कित्येक संस्थांचा जन्म संकटात झाला. १९७२ च्या दुष्काळात गावागावांतून खडी फोडणाऱ्या माणसांबरोबर उभी राहिलेली तरुण पोरं पुढे संस्थाचालक झाली. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि लातूर-उस्मानाबादेत देशभरातून स्वयंसेवक आले, त्यातले काही इथेच राहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही नव्या पोरांनी नव्या संस्था काढल्या. ढिगाऱ्याखालून माणूस काढताना कुणी कामाचे तास विचारत नाही, आणि विचारूही नये. पण संकटाच्या पहिल्या महिन्यातली शिस्त पुढे तीस वर्षं चालवता येत नाही. ढिगारा उपसून होतो, घरं उभी राहतात, गावाची पिढी बदलते, आणि कार्यालयात मात्र अजून तीच हाक असते: आज विचारू नका, आज फक्त काम करा.

आमच्या संस्थेचे संस्थापक शाळामास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या काळातही पैसे नसायचे. पण गुरुजी महिन्याच्या शेवटी सगळ्यांना सतरंजीवर बसवून सांगायचे की खात्यात अमुक इतके आहेत, ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला आधी देऊ, बाकीच्यांना पंधरा दिवसांनी. ते स्वतःला शेवटी ठेवायचे. त्यांच्याबद्दल आजही जुनी माणसं डोळे भरून बोलतात, आणि ते बरोबरच आहे. तरी मला वाटतं, आमच्या पुढच्या सगळ्या हालांचं बी त्याच काळात पेरलं गेलं. गुरुजींनी दुसरी फळी तयार केली नाही. सही त्यांची, शब्द त्यांचा, निर्णय त्यांचा. ते न्यायानं वागत म्हणून न्यायाचे नियम लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. पगाराची तारीख नाही, तक्रार कुणाकडे करायची ते नाही, तालुक्याच्या समन्वयकाला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येईल ते नाही. जो काही चांगुलपणा होता तो एका माणसात होता. ते गेले आणि तो त्यांच्याबरोबर गेला.

नंतर सर आले. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. पैसे खाल्ले नाहीत, कुणाचा अपमान व्हावा म्हणून मुद्दाम काही केलं नाही. शिकलेले, प्रस्ताव उत्तम लिहिणारे, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलताना न अडखळणारे. विश्वस्तांना असाच माणूस हवा होता. पण ते घाबरलेले होते. देणगीदार नाराज होईल याची भीती, आम्ही काही उलट बोलू याची भीती, आणि आपल्याला गुरुजींची सर येणार नाही याची तर सर्वांत मोठी. घाबरलेला माणूस सगळं स्वतःच्या मुठीत ठेवतो. पाचशे रुपयांच्या झेरॉक्सच्या बिलालाही त्यांची सही लागे, आणि ते महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. गावात बैठक ठरलेली, सतरंजी आणि चहाचे पैसे आमच्या खिशातून, बिल टेबलावर. रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर सूचना येत: उद्या सकाळपर्यंत फोटो, लोकेशनसह. का हवेत, कुणाला हवेत, ते कधी कळायचं नाही.

इथे पैशाच्या वाटेबद्दलही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष एका माणसावर जाईल. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आल्यापासून मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा पैसा आला, चांगलंच झालं. पण तो बहुधा वर्षाच्या हिशेबानं येतो. करार व्हायला दिवाळी उलटते आणि ३१ मार्चला खर्च दाखवायचा असतो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. देणगीदाराला शेततळं दिसतं, शिलाई मशीन दिसतं, शिबिराचा बॅनर दिसतो. गावात वर्षानुवर्षं जाऊन विश्वास कमावणारी बाई त्याच्या तक्त्यात 'मनुष्यबळ खर्च' या रकान्यात असते, आणि तो रकाना कमी करा असं पहिल्याच बैठकीत सांगितलं जातं. म्हणून अकरा महिन्यांचे करार, मधे थोडा खंड, पुन्हा नवा करार. पाच वर्षं सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागायचा, तेव्हा लागू असलेला हा कायदा १९७२ चा होता. आमच्यातल्या बऱ्याच जणांची सलग पाच वर्षं कागदावर कधी भरलीच नाहीत.

हे सगळं मान्य. पण पैसा नसणं वेगळं आणि पैसा नाही हे न सांगणं वेगळं. पहिल्याचं ओझं आम्ही वर्षानुवर्षं आनंदानं उचललं होतं. दुसऱ्यानं माणसं मोडली.

मनोधैर्य खचतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मी जवळून पाहिलं. कुणी आरडाओरडा करत नाही. आधी आढावा बैठकीतले प्रश्न कमी होतात. पूर्वी दुपारपर्यंत चालणारी बैठक साडेअकराला संपायला लागते, आणि सरांना वाटतं, काम सुरळीत चाललंय. मग माणसं एकमेकांशी बोलताना दाराकडे बघायला लागतात, कारण आपल्यातलंच कुणीतरी संध्याकाळी सरांना फोन करतं हे माहीत झालेलं असतं. मग एकेक जण गावात जास्त वेळ काढायला लागतो. बाहेरून ती कामाची ओढ वाटते. खरं तर कार्यालयात बसवत नसतं. आमच्याकडचा एक अत्यंत हुशार मुलगा, ज्यानं हंगामी वसतिगृहांसाठी गावोगाव फिरून आजी-आजोबांपाशी मागे राहणाऱ्या मुलांच्या याद्या केल्या होत्या, त्यानं एकाएकी सुचवणं बंद केलं. सांगितलं तेवढं करायचा, वेळेवर करायचा. काही महिन्यांनी तो स्पर्धा परीक्षेच्या क्लासला निघून गेला. निरोपाच्या वेळी सर म्हणाले, "आजकालच्या मुलांत तळमळ नाही." मला त्या दिवशी फार राग आला. त्या मुलाची तळमळ आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होती. ती खर्च कुठे करायची, एवढाच त्याचा प्रश्न होता.

आणि या सगळ्या काळात आम्ही गावात काय शिकवत होतो? बचत गटाची पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. अध्यक्ष-सचिव बदलले पाहिजेत, एकीच्याच हातात वही नको. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. ग्रामसभेत उठून विचारा, ग्रामपंचायतीच्या खात्यावर किती आले, कुठे गेले. बाया शिकल्या. पहिल्या बैठकीला पदर तोंडाला लावून बसणाऱ्या बाया ग्रामसेवकाला म्हणायला लागल्या, "भाऊ, ते ओळखपत्राचं काय झालं आमच्या? यादी दाखवा." हे बघणं हा माझ्या आयुष्यातला फार मोठा आनंद आहे. तो माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

एका गटाच्या बैठकीत, फेब्रुवारी असावा, गावात फक्त म्हाताऱ्या आणि फडावर न गेलेल्या थोड्या बाया होत्या. हिशेब झाला, वही मिटली. गटाच्या सचिव असलेल्या मावशींनी मला विचारलं, "ताई, तुमचा पगार झाला का?"

मी म्हणाले, होईल.

"कवाचा राहिलाय?"

मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमाला निदान उचल आदी भेटती. तुमचं तर काम आदी अन् पैसा मागून. अन् इचारत बी नाहीत तुमी. आमाला तर इचारा म्हणून शिकवताव."

बाकीच्या बाया हसल्या नाहीत. एकीनं शांतपणे सुचवलं की गटातून ताईला तात्पुरतं कर्ज द्यावं का, नियमात बसतं का बघा. बसत नव्हतं, मी सभासद नव्हते. पण त्यांनी त्यावर नीट चर्चा केली, कुणी काय म्हणालं ते सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि मग नाही म्हणून ठरवलं. दहा-बारा बायांनी पंधरा मिनिटांत जे केलं ते आमच्या कार्यालयात मी गुरुजी गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी आरोग्य कार्डांचं प्रकरण झालं. एका कंपनीच्या निधीतून ऊसतोड महिलांची तपासणी करून प्रत्येकीचं कार्ड भरायचं होतं: हिमोग्लोबिन, पाळीच्या तक्रारी, आधीच्या शस्त्रक्रिया. योजना उत्तम. पण करारावर सही झाली डिसेंबरमध्ये. बाया दसऱ्यानंतर गेलेल्या, पाडव्याच्या आगेमागे परतणार. मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण करायचं. सही करण्याआधी आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी हे एका वाक्यात कळलं असतं. गावातल्या चौथीतल्या पोरानंही सांगितलं असतं. आम्ही बैठकीत सांगितलं. मी बोलले, आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या सिस्टरताई बोलल्या. कंपनीला पत्र लिहून मुदत मे-जूनपर्यंत वाढवून मागू, नाहीतर फडावर जाऊन तपासणी करू, असे दोन मार्ग ठेवले. सर म्हणाले, देणगीदाराला असं सांगता येत नाही, चुकीचा संदेश जातो. जे आहे त्यात बसवा.

बसवलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्याबाहेर असलेल्या बायांच्या नावानं कार्डं तयार झाली. सिस्टरताईंनी एकाही कार्डावर सही केली नाही. त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर 'टीम स्पिरिट नसलेली' म्हटलं गेलं. एप्रिलमध्ये त्या सोडून गेल्या. आज त्या एका खासगी दवाखान्यात काम करतात आणि पगार वेळेवर होतो.

याचा अर्थ काय, तो मला त्या बायांच्या बाजूनं बघावासा वाटतो. गर्भाशय काढलं आहे की नाही, रक्त किती आहे, हे एका बाईच्या कार्डावर अंदाजानं लिहिलेलं. पुढच्या वर्षी कुणी ते कार्ड खरं मानून औषध देणार. ज्या बायांच्या शरीराबद्दल आजवर मुकादमानं ठरवलं, डॉक्टरनं ठरवलं, त्यांच्या वतीनं आता त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेनं ठरवलं. कार्यालयातली भीती कार्यालयातच राहत नाही. ती विहिरीतल्या खारट झऱ्यासारखी सगळ्या पाण्यात मिसळते. माणसांना बोलू न देणारी संस्था शेवटी खोटा अहवाल लिहिते, कारण खरं काय ते वर सांगणारं कुणी उरलेलं नसतं. अंतर्गत कारभार वेगळा आणि ध्येय वेगळं, असं समजणाऱ्या विश्वस्तांना मला हेच सांगायचं होतं.

सांगितलंही. आम्ही काही जणांनी मिळून विश्वस्त मंडळाला पत्र लिहिलं. भाषा नम्र ठेवली, मागण्या छोट्या ठेवल्या. पगाराची एक तारीख ठरवा, आणि त्या तारखेला जमणार नसेल तर तसं आधी लेखी कळवा. तालुका समन्वयकाला बैठकीच्या खर्चाचा अधिकार द्या. नव्या प्रकल्पावर सही करण्याआधी क्षेत्रातल्या दोन माणसांना दाखवा, आणि दसरा ते पाडवा हे आमचं कॅलेंडर करारात धरा. आरोग्य कार्डं पुन्हा, खरी, भरून घ्या, आणि कंपनीला खरं सांगा. मसुदा ज्या रात्री झाला त्या रात्री कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोललो. सही करायला जे घाबरले त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. घरात एकच कमावता असेल तर सहीची किंमत वेगळी असते.

धर्मादाय कायद्यानं विश्वस्त हेच संस्थेचे खरे जबाबदार. आमचे विश्वस्त सज्जन होते: निवृत्त प्राध्यापक, वकील, एक डॉक्टर. वर्षातून एक-दोनदा येत, हिशेबपत्रकावर सही करत, जेवून जात. आमच्याशी त्यांचं बोलणं 'कसं चाललंय' इतकंच. पत्र मिळाल्यावर त्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला फोन केला, तासभर ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं तुम्ही सगळे खूश आहात. तुमच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही." त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं. पुढच्या महिन्यापासून पगाराची दहा तारीख ठरली आणि ती पाळली गेली. खर्चाचा अधिकार कागदावर मिळाला. कार्डांबद्दल मात्र ठराव झाला की 'विषय पुढील बैठकीत घ्यावा', आणि पुढील बैठकीत तो विषयपत्रिकेवर नव्हता. तेव्हा मी राजीनामा दिला.

सोडताना लोक म्हणाले, आता गावं सुटली. तसं झालं नाही. गट संस्थेच्या मालकीचे नव्हते, आणि त्या बायांना हे आम्हीच शिकवलं होतं. पंचक्रोशीतल्या काही गटांनी मिळून ठरवलं आहे की बाया निघायच्या आधी, सप्टेंबरमध्ये, गावातल्या आशाताईंबरोबर, म्हणजे सरकारी आरोग्य स्वयंसेविकांबरोबर, बसून प्रत्येकीची माहिती तिच्याच तोंडून लिहून घ्यायची आणि कार्ड तिच्याजवळच ठेवायचं. मी आणि सिस्टरताई सुट्टीच्या दिवशी जातो. कोणत्या गावात कोणती टोळी कधी निघणार, याची यादी मावशींनी पोळ्याच्या आत मागितली आहे. चार गावांची झाली, तीन राहिलीत.